जपानी राक्षसपटांतील संकलन व लय

जपानी राक्षसपटांतील संकलन व लय : प्रचंड आकाराच्या काल्पनिक प्राण्याचे मानवी वस्तीवरील आक्रमण हा ज्यांचा मुख्य विषय असतो, त्या जपानी चित्रपटांना ‘काइजू एइगा’ म्हणतात. ‘काइजू’ म्हणजे विलक्षण पशू व ‘एइगा’ म्हणजे चित्रपट. या प्रकाराचा आरंभ तोहो चित्रसंस्थेच्या ‘गोजिरा’ (१९५४) या चित्रपटापासून मानला जातो. जपानबाहेर तो ‘गॉडझिला’ या नावाने प्रसिद्ध आहे. या चित्रपटांवर सातत्याने घेतला जाणारा आक्षेप त्यांच्या संथपणाबद्दलचा आहे. प्राणी उशिरा दिसतो, माणसांचे प्रसंग लांबतात, झुंजी रेंगाळतात आणि या दोहोंचे सांधे उघडे पडतात, असे म्हटले जाते. हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा असला, तरी त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. घटना किती झपाट्याने उलगडतात ती चित्रपटाची गती. वेगवेगळ्या प्रकारच्या प्रसंगांना परस्परांच्या प्रमाणात किती अवधी मिळतो आणि एकातून दुसरा कसा निघतो ती त्याची लय. या चित्रपटांपैकी जे श्रेष्ठ आहेत, तेही मंदगतीच आहेत. सामान्य चित्रपटांचा दोष गती मंद असण्यात नसून लय भंगण्यात आहे. ती का भंगली, हे पाहण्यासाठी प्रथम त्यांच्या निर्मितीची पद्धती लक्षात घ्यावी लागते.

दोन पथकांची पद्धती : तोहोमध्ये राक्षसपटाचे चित्रण दोन स्वतंत्र पथकांकडे असे. पात्रांचे प्रसंग चित्रित करणारे पथक ‘होनपेन’ (मुख्य भाग) व लघुप्रतिकृती, पोशाखधारी प्राणी, स्फोट इत्यादींचे चित्रण करणारे पथक ‘तोकुसात्सु’ (विशेष चित्रण) या नावाने ओळखले जाई. प्रत्येकाचा दिग्दर्शक, छायाचित्रकार, प्रकाशयोजनाकार व चित्रणमंच वेगळा असे. ‘गोजिरा’मध्ये पहिल्या पथकाचा दिग्दर्शक इशिरो होंडा (१९११–९३), तर दुसऱ्याचा प्रमुख एइजी त्सुबुराया (१९०१–७०) हा होता. तोमोयुकी तानाका (१९१०–९७) हा निर्माता आणि आकिरा इफुकुबे (१९१४–२००६) हा संगीतकार होता. ही चौकडी पुढे अनेक चित्रपटांत एकत्र आली.

या विभागणीमुळे थोड्या महिन्यांत मोठे चित्रपट पूर्ण करणे शक्य झाले. परंतु तिचा भार संकलनावर पडला. भिंतीआडून वर पाहणारा माणूस एका मंचावर आणि त्याला दिसणारा प्राणी दुसऱ्या मंचावर, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली चित्रित होई. दोघांना एकाच चौकटीत आणणारी संयुक्त चित्रे वेळखाऊ व खर्चिक असल्याने ती मोजकीच योजली जात. त्यामुळे ही दोन जगे एकच आहेत, हा विश्वास बहुतांशी दोन शॉटांच्या सांध्यातूनच उत्पन्न करावा लागे. नजरेची दिशा, प्रकाशाची वेळ, धुराचा व वाऱ्याचा रोख आणि आवाजाचे सातत्य यांपैकी एक गोष्ट जरी चुकली, तरी माणूस रिकाम्या आकाशाकडे पाहत आहे आणि प्राणी खेळण्यातल्या गावात उभा आहे, असे वाटू लागते. अमेरिकन चित्रपटांत रूढ असलेल्या पुतळ्याच्या एकेक-चौकट चित्रणात प्राण्याची हालचाल बहुधा माणसांच्या आधीच घेतलेल्या चित्रणाशी जुळवून केली जाई. तोहोच्या पद्धतीत असा ताळा संकलनापूर्वी पूर्णपणे पडत नसे.

आकारमान व काळ : राक्षसपटातील संथपणाला एक भौतिक कारणही आहे. उंचावरून सोडलेल्या वस्तूला खाली पडण्यास लागणारा वेळ उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. ‘गोजिरा’तील प्राण्याची कल्पित उंची ५० मी. होती आणि त्याच्यासाठी टोकिओची प्रतिकृती एकपंचविसांश प्रमाणात उभारण्यात आली. पंचविसाव्या हिश्श्याच्या उंचीवरून कोसळणारी भिंत खऱ्या भिंतीच्या एकपंचमांश वेळातच जमिनीवर येते. पडद्यावर तिला खऱ्या भिंतीचे वजन यावे, तर चित्रण नेहमीच्या पाचपट वेगाने, म्हणजे सेकंदास २४ ऐवजी १२० चौकटी या वेगाने, करून ते नेहमीच्या वेगाने दाखविले पाहिजे. हा हिशेब दर वेळी तंतोतंत पाळला गेला असे नाही; पण त्सुबुरायाच्या द्रुतगती चित्रणाचे तत्त्व हेच होते. चौकटींचा वेग वाढला, की प्रत्येक चौकटीला मिळणारा प्रकाश कमी होतो. म्हणून मंचावर अतिशय प्रखर दिवे लावावे लागत. जड पोशाखात वावरणाऱ्या हारुओ नाकाजिमासारख्या (१९२९–२०१७) नटाला त्या उष्णतेत फार थोडा वेळच काम करता येई.

याचा संकलनावर होणारा परिणाम उघड आहे. मंचावर दोन सेकंदांत संपणारी हालचाल पडद्यावर दहा सेकंदांपर्यंत लांबू शकते. ती मध्येच तोडली, तर वजनाचा भास नाहीसा होतो. म्हणून प्राण्याचा शॉट स्वभावतःच दीर्घ असतो. पात्रांचे प्रसंग मात्र सामान्य संवादाच्या वेगाने चालतात. एकाच चित्रपटात असे दोन कालमानांचे प्रवाह आलटून पालटून येतात आणि त्यांचा मेळ घालणे हे संकलकाचे खरे काम ठरते. हा मेळ घालण्याऐवजी पुढे अनेकदा द्रुतगती चित्रणच कमी करून प्राण्यांना चपळ करण्यात आले. ‘गॉडझिला रेड्स अगेन’ (१९५५, दिग्दर्शक मोतोयोशी ओदा) या दुसऱ्याच चित्रपटात ओसाका शहरातील झुंजीचे काही शॉट इतके जलद दिसतात, की दोन महाकाय प्राण्यांऐवजी दोन झोंबणारी जनावरे पाहिल्याचा भास होतो. त्या झुंजीला त्यामुळे एक पाशवी क्रौर्य येते, हे खरे. पण लगतच्या संथ शॉटांशी ते जुळत नाही आणि प्राण्यांचा आकार क्षणोक्षणी बदलल्यासारखा वाटतो.

‘गोजिरा’ची रचना : या दोन अडचणींवर मात कशी करता येते, याचा आदर्श पहिल्याच चित्रपटाने घालून दिला. ९६ मिनिटांच्या या चित्रपटात सु. वीस मिनिटे प्राणी स्पष्ट दिसत नाही. समुद्रात उसळणारा उजेड, एकामागून एक बुडणारी जहाजे, चौकशीसाठी कार्यालयात गर्दी करणारे नातेवाईक, वादळी रात्री ओदो बेटावर कोसळणारी घरे आणि जमिनीतील किरणोत्सर्गी पाऊलखूण या क्रमाने चित्रपट पुढे सरकतो. यांतील प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगाचा परिणाम व पुढच्याचे कारण आहे. टेकडीमागून प्राण्याचे मस्तक वर येते, तेव्हा प्रेक्षकाची प्रतीक्षा व बेटावरील लोकांची भीती एकाच बिंदूला पोहोचलेली असते. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथील अमेरिकन हायड्रोजन बाँबच्या चाचणीतील किरणोत्सर्गी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. त्याच वर्षी हा चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला आरंभीच्या त्या उजेडाचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती.

टोकिओवरील रात्रीच्या हल्ल्यातील संकलन विशेष अभ्यसनीय आहे. प्राण्याच्या दीर्घ शॉटांमध्ये माणसांची छोटी, पूर्ण चित्रे पेरलेली आहेत. इमारतीच्या पायथ्याशी मुलांना कवटाळून बसलेली आई आणि मनोऱ्यावरून अखेरच्या क्षणापर्यंत वृत्त सांगणारे वार्ताहर ही त्यांपैकी दोन होत. ही माणसे कथानकातील प्रमुख पात्रे नाहीत. कथा पुढे नेणे हे त्यांचे काम नसून प्राण्याच्या प्रत्येक पावलाची किंमत दाखविणे हे आहे. पोशाखातील प्राण्याच्या मुद्रेवर भाव उमटू शकत नाहीत. त्याच्या क्रियेचा अर्थ पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतो. लगतच्या चित्रामुळे चित्राला अर्थ येतो, हे संकलनाचे मूलतत्त्व येथे एक अपरिहार्य गरज म्हणून वापरले गेले आहे [⟶ चित्रपटसंकलन].

यानंतर येणारा भाग गतीच्या दृष्टीने सर्वांत संथ आहे. सकाळी उद्‌ध्वस्त शहर, जखमींनी भरलेले रुग्णालय, किरणोत्सर्गमापक यंत्रासमोर धरलेले मूल आणि नंतर मुलींनी गायिलेली शांतिप्रार्थना अशी ही मालिका आहे. येथे प्राणी नाही आणि नाट्यमय घटनाही जवळजवळ नाही. तरीही चित्रपटाचा निर्णायक क्षण याच मालिकेतून निघतो. कारण आपल्या संहारक शोधाचा वापर करण्यास नकार देणारा शास्त्रज्ञ सेरिझावा ही दृश्ये व ती प्रार्थना यांमुळेच आपला निश्चय बदलतो. युद्धानंतर मायदेशी परतताना होंडाने हीरोशीमाचा विध्वंस स्वतः पाहिला होता. ‘गोजिरा’तील हा संथ भाग कंटाळवाणा मानून वगळला, तर हल्ला हा केवळ एक देखावा उरतो आणि सेरिझावाच्या आत्मत्यागाला कारण राहत नाही. लय व आशय यांचा संबंध इतका घट्ट असल्याचे उदाहरण या चित्रप्रकारात पुन्हा क्वचितच आढळते.

लयभंगाचे प्रकार : नंतरच्या चित्रपटांत या रचनेचा बाह्य साचा टिकला, परंतु त्यामागील कार्यकारणभाव सैल होत गेला. त्यातून निर्माण झालेले दोष मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

पहिला दोष उत्कर्षबिंदूच्या जागेचा होय. ‘गॉडझिला रेड्स अगेन’मध्ये दोन प्राण्यांची झुंज व ओसाकाचा विध्वंस मध्यानंतर लगेच संपतो. त्यानंतर कथा होक्काइदो येथील मासेमारी कंपनीच्या कचेरीत व मेजवानीत रमते आणि अखेरीस हिमाच्छादित बेटावर विमानांच्या फेऱ्या दीर्घकाळ चालतात. प्रत्येक फेरीत विमान येते, बाँब टाकते, बर्फ कोसळते. मित्राच्या मृत्यूमुळे या भागाला भावनिक आधार असला, तरी ओसाकानंतर मोठे असे काहीच उरलेले नसते. उलट ‘रोदान’ (१९५६) या होंडाच्या रंगीत चित्रपटात खाणीतील रहस्यमय मृत्यू, नंतर मोठे किडे व त्यानंतर त्या किड्यांना भक्ष्य करणारा प्रचंड उडता प्राणी अशी चढती श्रेणी आहे. आधीचा विस्मय पुढच्या विस्मयापुढे लहान ठरत जातो आणि विलंबाची भरपाई होते.

दुसरा दोष मानवी कथानक व प्राण्यांचे कथानक परस्परांपासून सुटण्याचा आहे. ‘मॉथ्रा विरुद्ध गॉडझिला’मध्ये (१९६४) अंड्याचा बाजार मांडणाऱ्या व्यापाऱ्यांचा लोभ, पत्रकारांचा प्रयत्न व मॉथ्राचे येणे ही एकाच साखळीची कडी आहेत, म्हणून माणसांवरून प्राण्यांवर जाणारा प्रत्येक सांधा स्वाभाविक वाटतो. परग्रहवासीयांचे कारस्थान हा विषय रूढ झाल्यावर मात्र प्राणी हे कोणीतरी दुरून चालविलेले अस्त्र बनले. ‘डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स’मध्ये (१९६८) फूजी पर्वताच्या पायथ्याशी होणाऱ्या अंतिम झुंजीत अनेक प्राणी एकत्र येतात आणि तिची मांडणी भव्य आहे, पण मानवी पात्रांना तेथे फारसे काम नसल्याने घटनास्थळाहून बोलणाऱ्या वार्ताहराच्या धावत्या वर्णनाचा आधार घ्यावा लागतो. १९५४ मध्ये मनोऱ्यावरील वार्ताहर हल्ल्याचा बळी होता. १९६८ मध्ये तो क्रीडासमालोचक झाला. पात्रांना धोकाच नसेल, तर त्यांच्या चेहऱ्यांचे शॉट झुंजीत कितीही वेळा घातले, तरी त्यांमुळे ताण वाढत नाही.

तिसरा दोष झुंजीच्या अंतर्गत रचनेचा आहे. चांगल्या झुंजीत डाव, प्रतिडाव व पालटलेली बाजू असे टप्पे असतात. सामान्य झुंजीत तीच धडक, तेच पडणे व तोच किरणांचा मारा पुन:पुन्हा येतो. त्यामुळे शॉटांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. जेथे क्रम बदलता येतो, तेथे कालावधी कितीही असला, तरी प्रेक्षकाला काळ थांबल्यासारखा वाटतो. याला अपवाद म्हणून ‘वॉर ऑफ द गार्गांचुआज’ (१९६६) याचा उल्लेख करता येईल. त्यातील प्राण्यांचे पोशाख तुलनेने हलके असल्याने त्यांची चपळाई स्वाभाविक वाटते. लष्कराच्या किरणयंत्रांची जमवाजमव व मारा हा भाग इफुकुबेच्या संचलनगीताच्या ठेक्यावर टप्प्याटप्प्याने रचला आहे. इफुकुबेच्या संगीताने इतरत्रही अनेक सांधे सावरले. परंतु ज्या प्रसंगाला स्वतःची दिशा नाही, त्याला संगीताची दिशा फार काळ पुरत नाही.

जुन्या चित्रणाचा पुनर्वापर : लयभंगामागे आर्थिक कारणेही होती. जपानमधील चित्रपटगृहांतील वार्षिक प्रेक्षकसंख्या १९५८ मध्ये सु. ११२ कोटी ७० लाख होती. १९७२ पर्यंत ती २० कोटींच्या खाली आली. दूरचित्रवाणी हे याचे प्रमुख कारण. १९६६ मध्ये त्सुबुरायाच्याच संस्थेने सुरू केलेल्या ‘उल्ट्रामॅन’ या मालिकेत अर्ध्या तासात कथा पूर्ण होई आणि नायकाला पृथ्वीवर सु. तीन मिनिटेच लढता येई. घरबसल्या अशा आटोपशीर झुंजी पाहणाऱ्या बालप्रेक्षकांसाठी चित्रपट काढताना खर्चात मात्र काटछाट होत होती. तेव्हा नव्या चित्रणाऐवजी आधीच्या चित्रपटांतील दृश्ये जोडण्याचा मार्ग पत्करला गेला.

या पुनर्वापरालाही श्रेणी आहेत. होंडाच्या ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’मध्ये (१९६९) झुंजींचा बराच भाग ‘एबिरा’ (१९६६) व ‘सन ऑफ गॉडझिला’ (१९६७) यांतून घेतलेला आहे. परंतु येथे प्राणी हे कारखान्यांच्या वस्तीत राहणाऱ्या एका एकाकी मुलाच्या स्वप्नातील आहेत. चित्रपटगृहात पाहिलेलीच दृश्ये स्वप्नात येणे हे त्या मुलाच्या दृष्टीने स्वाभाविक ठरते. ‘गॉडझिला विरुद्ध गायगन’ (१९७२, दिग्दर्शक जुन फुकुदा) याला असा आधार नाही. त्यात वेगवेगळ्या चित्रपटांतील विध्वंसाची दृश्ये जोडल्यामुळे एकाच हल्ल्यात रात्रीचा दिवस व दिवसाची रात्र होते. प्रेक्षकाला जागा व वेळ यांचा ठाव लागत नाही आणि हल्ला लांबला तरी वाढत नाही. घाईत पूर्ण केलेल्या ‘गॉडझिला विरुद्ध मेगालॉन’मध्ये (१९७३) हाच दोष आहे, त्यातील धरण फुटण्याचा नवा चित्रित केलेला प्रसंग विशेष चित्रणाचा दिग्दर्शक तेरुयोशी नाकानो (१९३५–२०२२) याच्या कौशल्याची साक्ष देतो आणि त्यामुळेच भोवतालचे जोडकाम अधिक जाणवते. दाइएइ या प्रतिस्पर्धी संस्थेच्या ‘गामेरा’ मालिकेतही असेच घडले. नोरिआकी युआसा (१९३३–२००४) दिग्दर्शित ‘गामेरा विरुद्ध व्हायरस’मध्ये (१९६८) परग्रहवासी गामेराच्या स्मृतीची तपासणी करतात, या निमित्ताने आधीच्या चित्रपटांचे लांबलचक भाग दाखविले आहेत. १९८० चा ‘गामेरा : सुपर मॉन्स्टर’ तर बहुतांशी जुन्याच झुंजींवर बेतलेला होता.

याच काळातील योशिमित्सु बान्नो दिग्दर्शित ‘गॉडझिला विरुद्ध हेदोरा’ (१९७१) हा चित्रपट मात्र संकलनात वेगळ्या वाटेने गेला. प्रदूषणातून जन्मलेल्या प्राण्याच्या या कथेत व्यंगपटाचे तुकडे व एकाच पडद्यावर अनेक चौकटी असे प्रयोग आहेत. त्यांचा मेळ सर्वत्र बसलेला नाही आणि शेवटची झुंज अतिशय रेंगाळते. तरीही वेगवेगळ्या प्रकारची चित्रे टकरावून अर्थ निर्माण करण्याची धडपड त्यात दिसते.

संक्षिप्त व रूपांतरित आवृत्त्या : या चित्रपटांच्या संथपणावर इतरांनी केलेला उपाय अनेकदा मूळ रोगापेक्षा घातक ठरला. ‘गोजिरा’ची अमेरिकन आवृत्ती ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!’ १९५६ मध्ये प्रदर्शित झाली. तिची लांबी ८० मिनिटे होती. टेरी मोर्स याने रेमंड बर या नटाला अमेरिकन वार्ताहराच्या भूमिकेत घेऊन नवे प्रसंग चित्रित केले. मूळ पात्रांच्या जागी पाठमोरे नट उभे करून बर त्यांच्याशी बोलत असल्याचा भास निर्माण केला. जोडकाम म्हणून ते चतुर आहे. परंतु ही आवृत्ती उद्‌ध्वस्त टोकिओपासून सुरू होते आणि मागील हकिकत निवेदनातून सांगते. त्यामुळे मूळ चित्रपटातील क्रमाक्रमाने गडद होत जाणारी शंका नाहीशी होते. नागासाकीतून वाचलेल्या स्त्रीचे आगगाडीतील बोलणे, सत्य जाहीर करावे की नाही यावरील लोकप्रतिनिधींचा वाद आणि अणुचाचण्या चालू राहिल्यास असा प्राणी पुन्हा येईल, हा अखेरचा इशारा हे भाग गळाले. शेवट आशादायक निवेदनाने करण्यात आला. गती वाढली, पण वगळलेला भाग नेमका चित्रपटाच्या अर्थाचा होता. मूळ आवृत्ती अमेरिकन चित्रपटगृहांत मोठ्या प्रमाणावर पोहोचण्यास २००४ साल उजाडावे लागले.

‘किंगकाँग विरुद्ध गॉडझिला’ (१९६२) हा मुळात दूरचित्रवाणीच्या जाहिरातदारांवरील उपहासपट होता. १९६३ च्या अमेरिकन आवृत्तीत त्यातील विनोदी प्रसंग कापून वृत्तनिवेदकाची भाषणे घालण्यात आली आणि इफुकुबेच्या संगीताऐवजी बहुतांशी साठ्यातील संगीत वापरले गेले. निवेदक घटना पुढे नेत नाही, केवळ घडलेले समजावून सांगतो. त्यामुळे गतीसाठी केलेला हा बदल गतीलाच बाधक झाला. ‘द रिटर्न ऑफ गॉडझिला’ (१९८४) हा १०३ मिनिटांचा चित्रपट अमेरिकेत ‘गॉडझिला १९८५’ या नावाने ८७ मिनिटांचा झाला. मूळ चित्रपटात सोव्हिएट अधिकारी अण्वस्त्राचे प्रक्षेपण रोखण्यासाठी धडपडतो. रूपांतरात तो स्वतःच ते सोडतो, असे दाखविले आहे. थोड्या शॉटांच्या फेरफाराने दोषाचा धनी बदलतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

काटछाट केवळ परदेशांत झाली, असे नाही. १९६९ ते १९७८ या काळात तोहोने शाळांच्या सुट्ट्यांत ‘चॅम्पियन महोत्सव’ या नावाने मुलांसाठी संयुक्त कार्यक्रम भरविले. त्यांत जुने राक्षसपट आखूड करून दाखविले जात आणि आपले चित्रपट कापण्याचे काम होंडालाच करावे लागले. ९७ मिनिटांचा ‘किंगकाँग विरुद्ध गॉडझिला’ १९७० मध्ये सु. ७४ मिनिटांवर आणताना मूळ ऋणचित्रफीतच कापण्यात आली. परिणामी पूर्ण चित्रपटाची त्याच दर्जाची प्रत दीर्घकाळ उपलब्ध नव्हती. २०१६ मध्ये पुनःस्थापित उच्च दर्जाची पूर्ण आवृत्ती तयार झाली. लय सुधारण्याच्या नावाखाली केलेली कापणी मूळ कृतीच धोक्यात आणू शकते, हे यावरून दिसते.

नंतरचे प्रयत्न : १९९५, १९९६ व १९९९ मधील ‘गामेरा’ चित्रत्रयीत दिग्दर्शक शूसुके कानेको व विशेष चित्रणाचा दिग्दर्शक शिंजी हिगुची यांनी जुनी लघुप्रतिकृतींची पद्धत ठेवूनच तिच्यातील दरी बुजविली. प्राण्याकडे रस्त्यावरील माणसाच्या नजरेच्या उंचीवरून पाहणे आणि लघुप्रतिकृती शक्य तेथे उघड्यावर, नैसर्गिक प्रकाशात चित्रित करणे, ही त्यांची प्रमुख साधने होत. १९९९ च्या चित्रपटातील टोकिओच्या शिबुया भागातील हल्ल्यात माणसे व प्राणी यांच्या शॉटांची दिशा, उंची व प्रकाश इतके जुळतात, की दोन मंचांची आठवण होत नाही. उलट टोक र्‍यूहेइ कितामुरा दिग्दर्शित ‘गॉडझिला : फायनल वॉर्स’ (२००४) यात दिसते. १२५ मिनिटांच्या या चित्रपटात शॉट अतिशय आखूड आहेत आणि सिडनी येथील झुंज तर सुरू होताच संपते. प्रचंड प्राण्यांना वजन मिळण्याइतका काळच मिळत नाही; शिवाय प्रास्ताविक भाग सोडला, तर नायक-प्राणी बराच काळ अनुपस्थित असतो. केवळ वेगाने लयीचा प्रश्न सुटत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

हिदेआकी आन्नो व हिगुची यांच्या ‘शिन गोजिरा’ने (२०१६) या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. त्यात प्राणी संथ आहे व माणसे अतिशय शीघ्र आहेत. मंत्रिमंडळाच्या बैठका, पदनामांच्या पाट्या व भरभर बोलले जाणारे संवाद आखूड शॉटांत येतात. तरीही निर्णय होत नाही आणि प्राणी सावकाश पुढे सरकत राहतो. दोन कालमानांमधील जी विसंगती पूर्वी दोष होती, तीच येथे शासनयंत्रणेवरील टीकेचे साधन बनली. या चित्रपटाच्या संकलनाला जपान अकादमीचे पारितोषिक मिळाले. ताकाशी यामाझाकी याच्या ‘गॉडझिला मायनस वन’मध्ये (२०२३) लेखन, दिग्दर्शन व दृश्यपरिणामांची देखरेख एकाच व्यक्तीकडे होती. सु. ३५ जणांच्या पथकाने त्यातील ६१० दृश्यपरिणामयुक्त शॉट सिद्ध केले आणि २०२४ मध्ये त्याला दृश्यपरिणामांचे ऑस्कर पारितोषिक लाभले. लाकडी सुरुंगशोधक नौकेचा पाठलाग करणारा प्राणी व नौकेवरील माणसे येथे एकाच चौकटीत दीर्घकाळ दिसतात. गिन्झा येथील विध्वंसानंतर काळा पाऊस पडतो आणि चित्रपट नायकाच्या शोकापाशी थांबतो. रचनेच्या दृष्टीने हा विराम १९५४ च्या रुग्णालयाच्या प्रसंगाचा वारस आहे.

मूल्यमापन : राक्षसपटातील दीर्घ प्रसंग सरसकट दोषास्पद मानणे योग्य नाही. प्रचंड आकाराला काळ लागतो आणि संकटाचा अर्थ कळण्यासाठी संकटानंतरचा काळही दाखवावा लागतो. एखादा प्रसंग काढला असता पुढील प्रसंगाचे कारण नाहीसे होत असेल, तर तो लांब असला तरी आवश्यक असतो; काढूनही काही बिघडत नसेल, तर तो आखूड असला तरी भार ठरतो. या कसोटीने पाहता १९७० नंतरच्या अनेक चित्रपटांतील झुंजी जादा ठरतात आणि ज्यावर कात्री चालली, ते ‘गोजिरा’तील माणसांचे प्रसंग अपरिहार्य ठरतात. दोन पथकांची पद्धती हे लयभंगाचे मूळ असले, तरी ती त्याचे समर्थन होऊ शकत नाही. होंडा व त्सुबुराया यांनी त्याच पद्धतीत आपली श्रेष्ठ कृती घडविली आणि कानेको व हिगुची यांनी तेच पुन्हा सिद्ध केले. माणूस व प्राणी यांना जोडणारा हेतू पटकथेत आधीच असेल, तर संकलनाला तो सांधा पडद्यावर उभा करता येतो. तो नसेल, तर शॉट आखूड करून वा कथा छाटून तो निर्माण करता येत नाही.